पडणाऱ्याची साक्ष

हवा या शब्दाला आपल्या भाषेंत फारसा मान नाहीं. ज्या बेतांना पाया नाहीं ते हवेंतले इमले. ज्या बोलण्याला आधार नाहीं तें हवेंतलें बोलणें. आणि चार पैसे किंवा चार पदव्या मिळतांच ज्याचें वर्तन बदललें त्याच्या डोक्यांत हवा शिरली, असें आपण बिनदिक्कत म्हणतों. हवा म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं, हा समज या सर्व वाक्प्रचारांच्या मुळाशीं आहे. समज सर्वस्वी खोटाही नाहीं. परंतु 'कांहींच नाहीं' आणि 'जवळजवळ कांहींच नाहीं' या दोहोंमध्यें अंतर आहे. तें केवढें, हें ज्यांनीं मोजलें त्यांची हकीकत गेलीं कित्येक वर्षें मला मोह घालीत आली आहे, आणि ती केव्हां तरी वाचकांच्या कानीं घालावी असें फार दिवस मनांत होतें.

हवा कोठें संपते, हा प्रश्न जुना आहे. भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायांत भूवायूची मर्यादा जमिनीपासून १२ योजनें सांगितली. मेघ आणि विजा यांचें स्थान त्यांनीं याच पट्ट्यांत मानलें, व त्यापलीकडे ग्रहनक्षत्रांना फिरविणाऱ्या प्रवह वायूचें राज्य कल्पिलें. त्यांच्याही पूर्वी, अकराव्या शतकांत, स्पेनमधील इब्न मुआध या गणितज्ञानें संधिप्रकाशावरून हिशेब केला. सूर्य क्षितिजाखालीं अठरा-एकोणीस अंश जाईपर्यंत ज्या अर्थी आकाशांत उजेड रेंगाळतो, त्या अर्थी तो उजेड परतविणारें कांहीं तरी सुमारें ८० किलोमीटर उंचीपर्यंत असलेंच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. मला हा युक्तिवाद फार आवडतो. शिडी नाहीं, यंत्र नाहीं. अंगणांत बसून संध्याकाळकडे नीट पाहिलें आणि आकाशाची उंची काढली. पुढें विसाव्या शतकांत फुगे तीस-पस्तीस किलोमीटर चढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनें जर्मनांकडून हस्तगत केलेले व्ही-२ अग्निबाण शंभर-दीडशें किलोमीटरपर्यंत उडविले. त्यावर मात्र अंदाजाचेंच राज्य होतें. तक्ते छापलेले असत, आंकडे दशांशचिन्हासह मांडलेले असत. पण २०० किलोमीटरच्या वरचे ते आंकडे म्हणजे न पाहिलेल्या गांवाचा नकाशा होता.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला 'स्पुटनिक' आकाशांत सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३.६ किलो वजनाचा तो गोळा सुमारें ९६ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालूं लागला. त्याचा तो 'बीप-बीप' आवाज सर्व जगानें ऐकला. मुत्सद्द्यांना त्यांत क्षेपणास्त्रांची धमकी ऐकूं आली, वृत्तपत्रांना नव्या युगाची नांदी ऐकूं आली. कांहीं थोड्या लोकांनीं मात्र घड्याळ समोर ठेवून निराळीच गोष्ट टिपून घेतली: फेरीचा काळ दिवसागणिक घटत होता. ४ जानेवारी १९५८ रोजीं तो गोळा जळून नाहींसा झाला. ब्याण्णव दिवसांत ९६ मिनिटांवरून ८८ मिनिटांच्या आसपास, म्हणजे सरासरीनें दिवसाला पांच सेकंद. हे पांच सेकंद कोणीं खाल्ले? खऱ्याखुऱ्या पोकळींत सोडलेला गोळा त्याच वाटेनें युगानुयुगें फिरत राहावयास हवा. ते सेकंद खाल्ले हवेनें. ज्या उंचीवर हवा आहे कीं नाहीं याविषयीं खुशाल वाद घालावा, त्या उंचीवरील हवेनें.

येथें एका चमत्कारिक गोष्टीचा उलगडा केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वारा समोरून असला म्हणजे सायकल सावकाश चालते, घाटांत अडथळा आला म्हणजे एस्. टी. उशिरां पोहोंचते, हा आपला रोजचा अनुभव. उपग्रहाचें सर्वच उलट. हवेनें त्याला जितकें अधिक अडवावें, तितका तो ठरल्या वेळेच्या आधीं हजर होतो! कारण असें कीं वायुरोधानें त्याची एकूण शक्ति कमी होते व तो किंचित खालीं उतरतो. खालची वाट लहान, आणि तेथें पृथ्वीची ओढ अधिक असल्यामुळें चालही अधिक. उतरतांना उंचीचें जें भांडवल मोडतें त्यांतलें निम्में हवा आणि स्वतःचें अंग तापविण्यांत जातें, आणि निम्में गतीच्या खातीं जमा होतें. एखाद्या पेढीचें भांडवल बुडत चाललें म्हणजे तिचे मालक बाजारांत पूर्वीपेक्षां अधिक लगबगीनें धांवतांना दिसतात, आणि जाणतीं माणसें त्या लगबगीवरूनच काय तें ओळखतात. उपग्रहाच्या बाबतींत ओळखणारे लोक खगोलगणिती होते, एवढाच फरक.

हिशेबाची रीत सांगावयास सोपी आहे. उपग्रहाला होणारा विरोध त्याच्या वेगावर, समोरून दिसणाऱ्या त्याच्या क्षेत्रफळावर, त्याच्या वस्तुमानावर आणि हवेच्या घनतेवर अवलंबून असतो. वेग कक्षेवरून निघतो. तो सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. क्षेत्रफळ व वस्तुमान हीं बनविणाऱ्याला ठाऊक. हवेचे कण पृष्ठभागावर आदळून कसे परततात याचा हिशेब एका गुणांकांत बांधलेला असतो, व तो साधारणतः २.२ धरतात. प्रत्यक्ष विरोध किती झाला तें आवर्तनकालाच्या घटीवरून कळतें. मग अज्ञात राशि उरली एकच, घनता. शाळेंतलें त्रैराशिक यापेक्षां फार निराळें नव्हतें. आवर्तनकाल इतक्या बारकाईनें मोजावा कसा, अशी शंका येईल. पण तो एका फेरीवरून मोजावयाचाच नसतो. आज उपग्रह अमुक ताऱ्याजवळून किती वाजतां गेला तें टिपावें, आणि शंभर फेऱ्या झाल्यावर पुन्हां टिपावें. टिपणाराची चूक सेकंदाच्या दशांशाची असली, तरी ती शंभर फेऱ्यांत वांटली जाते आणि आवर्तनकाल सेकंदाच्या हजारांशापर्यंत हातीं लागतो. धीर हेंच येथें सूक्ष्मदर्शक यंत्र.

कक्षा लांबट असली म्हणजे आणखी एक सोय होते. उंचीबरोबर हवा इतक्या झपाट्यानें विरळ होत जाते कीं विरोधाचा बहुतेक सारा भार कक्षेच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या आसपास पडतो. या बिंदूला उपभू म्हणतात. उपग्रह दर फेरीस त्या एका उंबरठ्याला ठेंचाळतो, आणि बाकीची वाट मोकळेपणीं चालतो. उंबरठा जवळजवळ जागच्या जागीं राहतो, कक्षेचें वरचें टोंक मात्र फेरीफेरीगणिक खालीं येतें. लांबोळी कक्षा गोल होऊं लागते, आणि ती गोल झाली म्हणजे शेवट जवळ आला असें समजावें. त्यामुळें या ठेंचांची नोंद ठेवणाराला केवळ 'वर कोठें तरी हवा आहे' असें मोघम सांगावें लागत नाहीं. ती अमुक उंचीवर, अमुक अक्षांशावर, दिवसाच्या अमुक प्रहरीं इतकी होती, असें सांगतां येतें.

आणि ती होती तरी किती? समुद्रसपाटीवरील एक घन किलोमीटर हवेचें वजन बारा लक्ष टनांच्या घरांत जातें. ४०० किलोमीटर उंचीवर तेवढ्याच जागेंतील हवा सूर्य शांत असतांना अर्धा ग्रॅम आणि सूर्य खवळला असतांना पांच ग्रॅमच्या आसपास भरते. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकीं एक किलोमीटर अशी कोठी कल्पावी, आणि तींत चहाच्या चमच्यानें एक चमचा साखर पसरावी! परंतु उपग्रह तीं घन किलोमीटरें सेकंदाला सातांच्या हिशेबानें ओलांडतो, दिवसरात्र ओलांडतो, आणि त्या साखरेचा कण न् कण त्याच्या खातीं नांवें पडत जातो.

इंग्लंडमध्यें फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संस्थेंत डेस्मंड किंग-हील नांवाचा तिशीचा गणितज्ञ त्या वेळीं काम करीत होता. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं सुटलेला दुसरा स्पुटनिक त्याच्या अग्निबाणासह फिरत असल्यामुळें मोठा व ठळक दिसे. १४ एप्रिल १९५८ रोजीं तो जळेपर्यंत त्याचे जे वेध घेतले गेले, त्यांवरून किंग-हील व त्याचे सहकारी यांनीं घनता काढली. आणि वरच्या थरांतील हवा छापील तक्त्यांतल्या आंकड्यांहून कित्येक पट दाट असल्याचें उघड झालें. या गृहस्थानें पुढें सारें आयुष्य याच विद्येंत घालविलें, १९६४ मध्यें तिचा शास्त्रीय ग्रंथ लिहिला. आणि फावल्या वेळीं कवि शेले व वैद्य-कवि इरॅस्मस डार्विन यांवरही ग्रंथ लिहिले. ज्या कवीला वाऱ्याचें आणि मेघांचें वेड होतें त्याचा हा भक्त हवेचें वजन करीत बसला, यांत मला तरी कांहीं विसंगत वाटत नाहीं.

या विद्येंतली मला सर्वांत मोहक वाटणारी बाब निराळीच आहे. तिला लागणारी सामग्री एका मर्यादेपर्यंत अगदीं घरगुती होती: एक द्विनेत्री दुर्बीण, एक स्टॉपवॉच, ताऱ्यांचा नकाशा, आणि थंडींत अंगणांत उभें राहण्याची तयारी. इंग्लंडांतील हौशी निरीक्षकांनीं वर्षानुवर्षें पुरविलेल्या वेळा किंग-हीलच्या गणितांत उतरल्या. अमेरिकेंत फ्रेड व्हिपल यांनीं 'मूनवॉच' नांवानें शाळामास्तर, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी अशा स्वयंसेवकांचीं पथकें उभीं केलीं. त्याच योजनेंतून जगांत बारा ठिकाणीं बेकर-नन जातीचे प्रचंड कॅमेरे बसविण्यांत आले, आणि त्यांपैकीं एक आपल्या नैनीतालला होता. अग्निबाण सोडणारांचीं नांवें शाळेच्या पुस्तकांत आलीं. 'दहा वाजून चौदा मिनिटें सात पूर्णांक दोन दशांश सेकंद' असें लिहून ठेवणारांचीं आलीं नाहींत. पुस्तकें लिहिणारांनीं याचा विचार करावा.

घनता एकदां मोजली म्हणजे प्रश्न संपेल, अशी प्रथम कल्पना होती. प्रश्न तेथून सुरू झाला. लुइजी याकिया हा इटालियन ज्योतिषी त्रिएस्त येथें १९१० मध्यें जन्मला, बोलोन्यास शिकला, आणि फॅसिस्ट राजवटीच्या १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांमुळें देश सोडून अमेरिकेस गेला. ज्यांचें तेज कमीजास्त होतें अशा रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास हा त्याचा मूळचा व्यासंग. अशा माणसाचा डोळा एका गोष्टींत तयार झालेला असतो: आलेखांतील खांचखळगे तो चूक म्हणून पुसून टाकीत नाहीं. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें स्मिथसोनियन वेधशाळेंत बसून तो उपग्रहांच्या घटीचे आलेख काढी, आणि ते आलेख सरळ येत ना. घट कधीं वाढे, कधीं कमी होई. आणि या लाटांत सत्तावीस दिवसांचा ताल होता. सत्तावीस दिवसांत आपल्या भोंवतीं एक फेरा पूर्ण करणारी वस्तु आकाशांत एकच ठळक आहे, ती म्हणजे पृथ्वीवरून पाहिलेला सूर्य. सूर्याची डागाळलेली बाजू आपल्याकडे वळली कीं वरची हवा तापून फुगे, खालची दाट हवा वर चढे, आणि उपग्रहाला अधिक विरोध होई. ती बाजू पलीकडे गेली कीं हवा निवून खालीं बसे. जर्मनींत वोल्फगांग प्रीस्टर हाही त्याच सुमारास याच निष्कर्षास आला. वरच्या हवेला तापविणारे सूर्याचे अतिनील किरण जमिनीवर पोहोंचत नाहींत, म्हणून ओटावा येथें १९४७ पासून रोज मोजल्या जात असलेल्या १०.७ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरींवरून त्यांचा अंदाज बांधूं लागले. राजाची मर्जी कशी आहे हें अंतःपुरांत शिरून पाहतां येत नाहीं, तेव्हां द्वारपाळाच्या चेहऱ्यावरून ओळखावयाची, तसाच हा प्रकार. पण तो आजतागायत उपयोगी पडत आला आहे.

पुढें आणखी पुष्कळ कळलें. दिवसाच्या बाजूस हवेला एक फुगवटा येतो, आणि तो माध्यान्हीं नसून दुपारीं दोनच्या सुमारास सर्वांत उंच असतो. म्हणजे आपल्या ओसरीवरचा उकाडा ज्या वेळीं शिगेला पोहोंचतो जवळजवळ त्याच वेळीं. चुंबकीय वादळ झालें कीं कांहीं तासांच्या आंत घनता एकदम चढते. याकियानें १९६५ पासून १९७७ पर्यंत या सर्वांचीं कोष्टकें पुनःपुन्हां सुधारून मांडलीं, व उंची, वेळ, अक्षांश आणि सूर्याची स्थिति दिली म्हणजे घनता काढून देणारें हें त्याचें प्रतिमान जगभर वापरांत आलें.

तरी या शास्त्रानें आम्हां सर्वांना एकदां उत्तर देण्याचें नाकारलें होतें, आणि तो प्रसंग माझ्या पिढीच्या वाचकांस आठवत असेल. १९७९ चा जुलै महिना. आषाढी एकादशी नुकतीच झालेली. कृष्णाकाठच्या आमच्या लहानशा गांवांत पाऊस धरून होता, आणि 'स्कायलॅब' पडणार या एका विषयावांचून दुसरें बोलणें नव्हतें. ७७ टन वजनाची ती अमेरिकन अंतराळशाळा माणसांविना फिरत होती, आणि ती कोठें पडेल हें कोणालाच सांगतां येईना. आम्हां मुलांना सुट्टी मिळेल कीं नाहीं एवढीच काळजी. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं, राहून गेलेलीं सर्व गोडधोडें आधींच करवून घेतलीं. शाळेचे मास्तर संध्याकाळीं आमच्या ओसरीवर येऊन बसत. पृथ्वी फार मोठी आहे, तींत समुद्रच अधिक, आपल्या गांवावर पडण्याचा संभव लाखांत एकही नाहीं, असें ते सर्वांना समजावीत. माझ्या आजीनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मास्तर, पडायचं तर पडू दे. पण केव्हा, तेवढं सांगा. म्हणजे पोरांना तेवढा वेळ घरात घेते." मास्तर म्हणाले, "आजी, ते त्या अमेरिकेच्या लोकांनाही ठाऊक नाही." आजीचा यावर विश्वास बसला नाहीं. जें वर चढवितां येतें तें केव्हां उतरेल हें चढविणाराला ठाऊक नसावें, हें तिच्या व्यवहारांत बसत नव्हतें.

पण मास्तर खरें बोलत होते, आणि आजीचा प्रश्न हाच नेमका शास्त्राचा प्रश्न होता. शेवटचे तीन अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्यें परतले तेव्हां, ती शाळा आणखी आठ-नऊ वर्षें टिकेल आणि तोंवर नवें यान तिला वर ढकलील, असा बेत होता. मधल्या काळांत सूर्य अंदाजापेक्षां अधिक खवळला, हवा वर चढली, आणि बेत हवेंतच राहिला. अखेरच्या दिवसांचें गणित तर त्याहून बिकट. उरलेल्या आयुष्याच्या दहा-वीस टक्के चूक ही या कामांत नेहमींचीच. पांच तास उरले असतां तासाभराची चूक होऊं शकते. आणि त्या एका तासांत अशी वस्तु सत्तावीस हजार किलोमीटर जाते. घनतेचा आंकडा थोडासा चुकला कीं मुंबईच्या ऐवजीं ब्राझील! ११ जुलै १९७९ रोजीं स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियांत एस्परन्स गांवाच्या परिसरांत पडले. कोणास इजा झाली नाहीं. रस्त्यावर केर टाकल्याबद्दल त्या गांवच्या स्थानिक मंडळानें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेस ४०० डॉलर दंड ठोठावला, ही गोष्ट मीं पुढें कित्येक वर्षांनीं वाचली. आजी असती तर तिला ती फार पटली असती.

त्यानंतर यंत्रें पुष्कळ सुधारलीं. २००० मध्यें सुटलेला 'चॅम्प' आणि २००२ मधील 'ग्रेस' ही जोडी, यांच्या पोटांत इतके नाजूक त्वरणमापक होते कीं हवेचा स्पर्श आवर्तनकालाच्या घटीची वाट न पाहतां क्षणोक्षणीं मोजतां येई. तरीही उत्तमांतलीं उत्तम प्रतिमानें शांत काळांतदेखील दहा-पंधरा टक्क्यांनीं चुकतात. यांतली एक अडचण तर मूळच्या त्रैराशिकांतच दडलेली आहे. घट मोजून हातीं येतो तो घनता, क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार. उपग्रह कोलांट्या खात असेल तर क्षेत्रफळ कोणतें धरावयाचें? गुणांक २.२ च्या ऐवजीं २.५ असेल तर? चूक घनतेची कीं गुणांकाची, हें एकट्या घटीवरून कधींच सांगतां येत नाहीं. म्हणूनच १९६१ मध्यें अमेरिकेनें 'एक्स्प्लोरर ९' नांवाचा निव्वळ एक फुगा कक्षेंत नेऊन ठेवला: साडेतीन मीटरहून थोडा अधिक व्यास, वजन सुमारें सात किलो, आणि कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी आकार तोच. विरोध खाणें हेंच त्याचें काम. एप्रिल १९६४ मध्यें तो पडला. ज्याचें पडणें हेंच यश, अशा वस्तु मनुष्यानें फारशा बनविलेल्या नाहींत.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या कक्षेचे आंकडे सर्वांस खुले असतात. मीं एक वही केली असून तींत दर आठवड्यास त्याची सरासरी उंची उतरून घेतों. सुमारें महिन्याला दोन किलोमीटर तें खालीं येतें, मग एंजिनें चालवून त्याला वर ढकलतात. त्यामुळें वहींतील आलेख करवतीच्या दांत्यांसारखा दिसतो. घरांतील मंडळी या वहीला 'आकाशाचा रोजमेळ' म्हणतात. म्हणोत. दांत्याचा उतार कधीं सौम्य तर कधीं तीव्र होतो, आणि तो तीव्र झाला कीं सूर्यावर कांहीं तरी घडलें आहे हें मला वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी कळतें.

या बेभरंवशाच्या हवेवर आतां पैसा आणि व्यवहारही फार अवलंबून राहूं लागला आहे. ३ फेब्रुवारी २०२२ रोजीं 'स्टारलिंक'चे ४९ उपग्रह सोडण्यात आले. त्यांचा उपभू २१० किलोमीटरवर ठेवला होता, म्हणजे एखादा सदोष निघाला तर तो आपोआप लवकर जळून जावा. योजना दूरदर्शीपणाची होती. परंतु दुसऱ्याच दिवशीं चुंबकीय वादळ झालें. फार मोठें नव्हे, मध्यम प्रतीचें. पण त्यानें तेथील वायुरोध पूर्वीच्या उड्डाणांच्या मानानें पन्नास टक्क्यांपर्यंत वाढला, आणि ३८ उपग्रह वर चढूं शकले नाहींत. १० मे २०२४ चें वादळ याहून कितीतरी प्रबळ होतें. त्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत आकाश तांबूस उमटलें. तो तांबडा उजेड जमिनीपासून २०० किलोमीटरच्या वर असलेल्या प्राणवायूच्या अणूंचा. ज्या हवेविषयीं इतकीं वर्षें पडणाऱ्या उपग्रहांची साक्ष काढावी लागली, ती हवा त्या रात्री हिंदुस्थानच्या आकाशांत कांहीं तास स्वतः दिसली.

पण आलेखांतील एक उतार असा आहे कीं त्याचें खापर सूर्यावर फोडतां येत नाहीं. १९८९ मध्यें रोबल आणि डिकिन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कागदावर हिशेब मांडला: हवेंतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर खालीं उष्मा वाढेल, पण अगदीं वरचा थर मात्र सुमारें पन्नास अंशांनीं थंड होईल. खालीं हा वायु गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो; वर हवा इतकी विरळ कीं त्यानें फेंकलेली उष्णता अडविणारें कोणी नसतें, ती सरळ अवकाशांत निघून जाते. थंड हवा आकसते; तेव्हां ठराविक उंचीवरची घनता वर्षानुवर्षें कमी होत गेली पाहिजे. हें खरें कीं खोटें, तें पाहावयास चाळीस वर्षांचीं मोजमापें हवींत. आणि चाळीस वर्षें चालेल असें यंत्र कोणीं वर ठेवलेलें नव्हतें. पण वर मोडके उपग्रह होते, जळक्या अग्निबाणांचीं टरफलें होतीं, आणि लष्करानें केवळ पहाऱ्यासाठीं त्यांच्या कक्षांची रोजच्या रोज ठेवलेली नोंद होती. अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेंतील जॉन एमर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं ती नोंद उपसली. त्यांचा निष्कर्ष २००४ मध्यें प्रसिद्ध झाला: ४०० किलोमीटरच्या आसपास घनता दर दहा वर्षांस दोन-तीन टक्क्यांनीं घटत आहे. आपल्या चुलींचा, गिरण्यांचा, मोटारींचा धूर तेथवर पोहोंचल्याची पावती आपल्याच केरानें लिहून ठेवली होती.

या घटीचा परिणाम उपग्रहांच्या धन्यांना प्रथमदर्शनीं सुखाचा वाटेल. हवा कमी, विरोध कमी, आयुष्य अधिक. परंतु जो विरोध चालत्या उपग्रहाला जाचक, तोच मोडक्या उपग्रहांना आणि त्यांच्या तुकड्यांना खालीं ओढून जाळून टाकतो. त्या उंचीवर दुसरी केरसुणी नाहीं. ती झिजत चालली आहे आणि केर मात्र वाढत आहे, ही चिंता आतां या विद्येच्या लोकांना लागून राहिली आहे. स्वच्छ करण्याच्या ज्या यांत्रिक युक्त्या सुचविल्या जातात त्यांवर माझा फारसा भरंवसा नाहीं, कारण वर पाठविण्याचा उत्साह आणि परत आणण्याचा खर्च यांचें प्रमाण आपण खालींही पाहतोंच.

१७ मार्च १९५८ रोजीं अमेरिकेनें सोडलेला 'व्हॅन्गार्ड १' हा मनुष्यकृत वस्तूंपैकीं सर्वांत जुना, अजून वर आहे. वजन दीड किलोहून किंचित कमी, आकार पपनसाएवढा. १९६४ पासून त्याचा आवाज बंद आहे. त्याचा उपभू साडेसहाशें किलोमीटरच्या आसपास असल्यामुळें हवा त्याला अगदीं नखानें खरवडावें तशी लागते. याकियाच्या आलेखांतील कांहीं लाटा याच चिमुकल्या गोळ्यानें दाखविलेल्या. तो प्रथम चढला तेव्हां दोन हजार वर्षें टिकेल असा हिशेब होता. सूर्याच्या तेजाचा दाब आणि खवळलेल्या सूर्याच्या काळांतील वायुरोध हे जमेस धरल्यावर तो हिशेब २४० वर्षांवर आला. आरंभीं त्याची एक फेरी १३४ मिनिटांची होती. साठांहून अधिक वर्षांत ती मिनिटा-दीड मिनिटानें आंखूड झाली आहे.